चौदावा पट्टा

माणसाला एखादी गोष्ट अचूक येत असली की तिचा माज येतोच. मास्तरांनाही होता, आणि ते तो लपवतही नसत. शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाचा जीव अडकला होता जुन्या लढाऊ विमानांच्या रंगांत. लढाई संपून बहात्तर वर्षं झाली होती. पण अमुक विमान कुठल्या तळावरचं, त्याचं नाक कुठल्या रंगाचं, शेपटीवर आकडा कोणता, आणि मुख्य म्हणजे आत बसायचं कोण, हे मास्तर एका मळक्या फोटोवरून सांगायचे. लांबलांबून हौशी लोक त्यांना फोटो पाठवायचे. बायको मात्र म्हणायची, "अहो, आपल्या बैठकीच्या खोलीला कुठला रंग दिलाय, डोळे मिटून सांगा पाहू!" ते काही मास्तरांना सांगता यायचं नाही.

फोटो सगळे काळे-पांढरे. त्यावरून रंग सांगायचा म्हणजे खायचं काम नाही. जुन्या फिल्मवर पिवळा रंग काळपट उतरायचा आणि निळा पांढुरका, नवखा माणूस तिथेच तोंडावर आपटायचा. मास्तरांच्या ओळखीच्या हौशी मंडळींत एक तरुण होता, गळ्यात कायम भिंग अडकवलेला. सगळे त्याला भिंगवालाच म्हणायचे. मास्तरांनी त्याला धडा घालून दिला होता: "अंदाज घरी करायचा. कागदावर फक्त पुरावा. आणि चूक सापडली ना, तर सख्ख्या बापाची असली तरी दुरुस्त करायची." भिंगवाल्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं. बोलताना माणूस किती बिनधास्त बोलून जातो बघा.

हा नाद मास्तरांना लागला मामामुळे. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. लढाऊ विमान चालवायचा. सोळा एप्रिलला उडाला तो परत आला नाही, असं लष्कराचं पत्र आलं, आणि त्या पत्राखेरीज त्याचं काहीच हाती लागलं नाही. आई आता एकोणनव्वद वर्षांची. दर सोळा एप्रिलला ती दिवसभर रेडिओ लावायची नाही, एवढंच. रडणं-बिडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि मास्तरांचे बाबा? तेही त्याच तळावरचे, पण विमानात बसणारे नव्हेत. ते तिथले रंगारी. विमानांवरचे आकडे, खुणा, पट्टे त्यांच्या हातचे. बाबा जाऊन एकवीस वर्षं झाली होती. आईचं आणि त्यांचं जमलं कसं, ही गोष्ट घरातल्या पोराटोरांनाही पाठ होती, कारण आई ती दर आठ एप्रिलला सांगायची. आठ एप्रिल हा त्या दोघांचा दिवस.

"मी सतरा वर्षांची," आई सुरुवात करायची. "भावाला लोकरीचे मोजे द्यायला तळावर गेले. भाऊ झोपलेला. आणि हे तिथे ब्रश घेऊन उभे, हात मनगटापर्यंत पिवळे! म्हटलं, कावीळ झालीय का हो? तर लाजले. मग काम तसंच टाकून मला फाटकापर्यंत सोडायला आले. बस चुकली. दुसरी यायला दीड तास. तो दीड तास बोलत बसलो, झालं, फसले मी! माझ्या रुमालाला हात पुसले, तो डाग अजून आहे."

मग रुमाल निघायचा. पिवळा डाग सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. आणि दर वर्षी गोष्ट बसपर्यंत आली, की बाबा उठायचे. "नळ चालू राहिलाय वाटतं," म्हणायचे आणि आत जायचे. ते गोष्ट संपेपर्यंत बाहेर येत नसत. घरात ही थट्टाच झाली होती. कुणी लाजलं की पोरं ओरडायची, "अरे, याचा नळ चालू राहिला!" बाबा इतके लाजाळू, याचं सगळ्यांना हसू यायचं.

तो पिवळा कुठला, हे मास्तरांना पुढे अभ्यासातून कळलं होतं. आठ एप्रिलला दुपारी तळावर आदेश आला होता. शत्रूची विमानं आपल्यासारखीच दिसतात, गफलत होते, म्हणून उद्या पहाटेपासून आपल्या प्रत्येक लढाऊ विमानाच्या शेपटीभोवती हातभर रुंद पिवळा पट्टा हवा. पट्टा नसेल ते विमान शत्रूचं समजून पाडावं. बाबांनी त्या संध्याकाळी हेच पट्टे काढले होते. मास्तरांनी आपल्या पुस्तकात त्या पिवळ्याची नेमकी छटा छापली होती, आणि ती कुठून घेतली होती? आईच्या रुमालावरून! सगळ्या हौशी जगात तेवढी खात्रीची छटा कुणाकडे नव्हती. त्याच पुस्तकात मामाच्या विमानाचा एकमेव फोटोही होता. शेपटीभोवती काळपट कडं. खाली मास्तरांनी ठणकावून लिहिलं होतं: 'पिवळा पट्टा स्पष्ट दिसतो.'

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि उत्तरेकडचं मोठं तळं आटलं. गाळातून एक पंख वर आला. संग्रहालयाच्या लोकांनी यंत्रं लावून विमान ओढून काढलं. इंजिनावरच्या पत्र्याचा नंबर मास्तरांना फोनवर वाचून दाखवला, तेव्हा त्यांना वही उघडावी लागली नाही. तो मामाचा नंबर होता. आत मामाचं जे काही उरलं होतं ते लष्कराने आधीच रीतसर नेलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "रंगव त्याला. होतं तसं. मी जायच्या आत."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"काहीतरी नाही. त्याच्या नावाखाली मला एकदा हात ठेवायचाय. बाकी मला काही नको."

झालं. संग्रहालयाने रंगांचा आराखडा करायचं काम मास्तरांकडेच दिलं. दुरुस्तीचा विभाग एक बाई सांभाळायच्या, हातमोजे कोपरापर्यंत, बोलणं मोजकं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये विमान लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. आत तेलाचा आणि ओल्या मातीचा वास भरला होता. बाईंनी शेपटीवर बोट ठेवलं.

"भोकं मागून पडलीत. पाठलाग करून मारलंय. आणि हे बघा, आसनाच्या पत्र्यात ही अडकली होती."

त्यांनी तळहातावर गोळी धरली. मास्तरांनी ती उलटसुलट करून बघितली. गोळी शत्रूच्या मापाची नव्हती. आपल्याच बाजूच्या बंदुकीची होती.

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या. "पण शत्रूने पकडलेल्या बंदुका वापरल्या असतील. तुम्ही बघता का?"

"बघतो," मास्तर म्हणाले, आणि गोळी खिशात घातली. संग्रहालयातला एक स्क्रू जरी कुणी खिशात घातला तरी जो माणूस आकाशपाताळ एक करायचा, त्याने हे केलं.

बाई चहाला गेल्यावर मास्तर शेपटीशी बसले. ओला कापूस घेऊन इंच-इंच गाळ पुसू लागले. गाळात रंग छान टिकतो. हिरवा निघाला, आकड्याचा पांढरा निघाला. आता पिवळा निघणार म्हणून त्यांनी श्वास रोखला, आणि निघाला पुन्हा हिरवा. पण घासलेला हिरवा. शेपटीभोवती बरोबर हातभर रुंदीचं कडं सँडपेपरने घासून खरखरीत केलेलं होतं, दोन्ही कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. रंग नीट धरावा म्हणून रंगारी आधी असं घासून ठेवतो. मास्तरांनी भिंग लावलं. एकेका ओरखड्यात बघितलं. पिवळ्याचा कण नव्हता. कधीच नव्हता.

म्हणजे फोटोतलं काळपट कडं पिवळं नव्हतंच. घासलेल्या पत्र्यावर उजेड मरतो, तेवढंच ते होतं. अंदाजाने रंग सांगण्याच्या ज्या चुकीवरून तीस वर्षं मास्तर नवख्यांची टिंगल करत होते, ती चूक त्यांनी स्वतः छापून ठेवली होती, आणि तीही कुणाच्या विमानाबाबत, तर सख्ख्या मामाच्या.

दुसऱ्या दिवशी ते लष्कराच्या दप्तरखान्यात जाऊन बसले. त्या तळाच्या रंगशाळेची कामाची वही इतकी वर्षं कुणी मागितलीच नव्हती. मास्तरांनीही नाही. विमानांच्या नोंदी बघायच्या सोडून रंगाऱ्याची वही कोण बघतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आठ एप्रिलचं पान होतं. 'विमानं चौदा. पट्टे तेरा पूर्ण. एक घासून तयार, पहाटे करणे.' खाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. तीच सही मास्तरांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर होती.

मग त्यांनी उड्डाणांची वही मागवली. नऊ एप्रिल, पहाट. धोक्याचा भोंगा झाला, चौदाही विमानं घाईने उडाली. परत तेरा आली. मामाच्या नावापुढची जागा कोरी होती. दहा तारखेलाही कोरी, अकरालाही. आणि सोळा तारखेला दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात 'बेपत्ता'. आपल्याच माणसांनी आपला माणूस पाडला, हे वर कळवायला नको म्हणून कुणीतरी आठवडाभर थांबून तारीख ढकलली होती. सगळ्यांनी मूग गिळले होते. बाबांनीही.

मास्तर दप्तरखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. आईचा आवाज कानात सुरू झाला. काम तसंच टाकून मला फाटकापर्यंत सोडायला आले. बस चुकली. दीड तास.

एक पट्टा काढायला किती वेळ लागतो, हे मास्तरांना माहीत होतं. घासून तयार असेल तर तासभर.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"आईंना यातलं अवाक्षर कळता कामा नये," ती म्हणाली.

"अगं, पण पट्टा नाही काढला तर सगळे विचारतील. सोळा तारखेला बिनपट्ट्याचं विमान? भिंगवाला तर वही शोधूनच काढेल."

"मग काढा पट्टा."

"खोटा?"

"अहो, ज्या दिवसावर आईंनी अख्खा संसार रचला, त्याच दिवसापायी त्यांचा भाऊ मेला, हे तुम्ही त्यांना नव्वदीत सांगणार आहात का? झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे झाकलेली." ती पुन्हा भाजीकडे वळली आणि म्हणाली, "फक्त एकच भीती वाटते. तुम्हाला खोटं बोलायला जमत नाही. आजवर एकदाही जमलेलं नाही."

या वेळी मात्र जमलं, आणि इतकं सहज जमलं की मास्तरांनाच धडकी भरली. त्यांनी आराखड्यात पट्टा काढला, पुढे लिहिलं: 'पिवळा, मूळ रंग पाण्याने गेलेला.' बाईंनी वाचलं.

"शेपटीचे नमुने घेऊन ठेवू का?"

"गरज नाही."

"मास्तर म्हणाले म्हणजे झालं," बाई म्हणाल्या, आणि कामगाराला हाक मारली. यंत्राची चकती फिरू लागली. बाबांनी हाताने घासलेलं ते कडं आसपासच्या हिरव्यासकट धूळ होऊन खाली पडलं. जुन्या खुणा घासून टाकणाऱ्यांना मास्तरांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. ते तिथे उभे राहून बघत होते, आणि जायला निघाले तेव्हा त्यांच्या बुटांवर हिरवी धूळ होती.

पिवळा कालवायला छटा हवी होती. आईने रुमाल स्वतः काढून दिला. "नीट जुळव हं," म्हणाली. "ह्यांचाच रंग. भावाच्या विमानावर पुन्हा ह्यांचाच रंग चढणार." तिला इतका आनंद झाला होता की मास्तरांना तिच्या तोंडाकडे बघवेना. ते उठले आणि आत गेले. स्वयंपाकघरात नळाशी उभे राहिले. नळ बंद होता. आपण कुणासारखे उठून आलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

अनावरणाच्या दिवशी शेडमध्ये शंभरेक खुर्च्या होत्या. विमान नव्यासारखं उभं होतं, नाकाच्या मागे मामाचं नाव, शेपटीला झळझळीत पिवळा पट्टा. आई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर रुमाल. आधी तिला हात ठेवायला नेलं. तिने मामाच्या नावाखाली तळहात टेकवला आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली. ते मास्तरांना ऐकू आलं नाही. मिटलं, त्यांना वाटलं. आता दोन भाषणं, चहा, आणि मिटलं.

तेवढ्यात भिंगवाला माइकपाशी गेला. त्याचं नाव कार्यक्रमात नव्हतंच. हातात कागद, चेहरा आनंदाने नुसता फुललेला.

"दोन मिनिटं घेतो. मास्तरांनी मला शिकवलं, चूक सापडली तर दुरुस्त करायची, सख्ख्या बापाची असली तरी. तर आजच्या दिवशी मास्तरांना आणि आजींना माझ्याकडून ही भेट. फलकावर सोळा एप्रिल लिहिलंय. ती तारीख चुकीची आहे. मी उड्डाणांची वही तपासली. आजी, तुमचे भाऊ नऊ एप्रिलला पहाटे गेले. म्हणजे पिवळा पट्टा लावून उडालेल्या पहिल्याच विमानांत हे विमान होतं!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बायकोने मास्तरांचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ते उठून उभे राहिले. पण बाईंनी तोवर माइक आईपुढे नेऊन ठेवला होता.

"नऊला?" आई म्हणाली. "बघा, म्हणजे आदल्याच दिवशी मी तळावर होते! आठ एप्रिल. आमचाच दिवस तो." आणि तिने गोष्ट सुरू केली. मोजे, झोपलेला भाऊ, पिवळे हात, कावीळ. लोक हसले. शंभर माणसं पुढ्यात बसलेली पाहून तिलाही चेव आला, आणि एरवी घरी जे कधी सांगायची नाही तेही आठवू लागलं.

"मी म्हटलं, अहो, काम टाकून येताय, साहेब ओरडतील. तर म्हणाले, तेरा झालीत, एकच राहिलंय. तुमच्या भावाचंच आहे. पहाटे उठून करतो, तो काही ओरडायचा नाही."

लोक पुन्हा हसले. आईही हसली. मग लोकांचं हसणं चालू असतानाच तिचं थांबलं.

तिने मान वळवून शेपटीकडे पाहिलं. रुमालाकडे पाहिलं.

"काय रे," ती भिंगवाल्याला म्हणाली, "नऊला पहाटेच म्हणालास ना?"

"हो आजी. भोंगा साडेचारला झाला. उजाडायच्या आत." बिचारा अजून हसतच होता.

आईने मास्तरांना शोधलं. ते उभेच होते.

"मग हा पट्टा कुणी काढला?"

आयुष्यभर लोकांनी मास्तरांना हाच प्रश्न विचारला होता, कुठला रंग, कुणी, कधी. आजवर त्यांची जीभ अडखळली नव्हती.

"मी, आई," ते म्हणाले.

आईने रुमालाची घडी घातली, डाग आतल्या बाजूला जाईल अशी, आणि ती घडी दोन्ही हातांनी दाबून धरली. पन्नास वर्षं आठ एप्रिलला कोण उठून आत जायचं आणि पोरं कशाला हसायची, हे तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरताना मास्तरांना दिसत होतं.

"नळ कधीच चालू नसायचा रे," ती म्हणाली, आणि माइक समोर असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.